कोणती साइड घेतली?

दहावीचा निकाल लागला की आमच्या विंचूरमध्ये पुढचे पंधरा दिवस एकच प्रश्न विचारला जातो. कोणती साइड घेतली? मुलाने 'सायन्स' म्हटले की विचारणाऱ्याची मान डोलते. 'कॉमर्स' म्हटले तर 'चला, ठीक आहे'. आणि 'आर्ट्स' म्हटले की बोलणे लगेच पावसापाण्याकडे वळते. मुलीने आर्ट्स घेतले असेल तर कुणाला काही वाटतही नाही, कारण तिने ते घेतलेले नसून तिला ते दिलेले असते. जवळच्या गावात कॉलेज, फी कमी, प्रॅक्टिकल नाहीत म्हणून संध्याकाळी उशीर नाही. तिला भूगोलात गती होती की इतिहासात, हे विचारायचे राहूनच जाते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणजे दोन्ही बाजूंनी आर्ट्सवाली. त्यामुळे मी काही बोलले की लोकांना वाटते, बाई आपल्याच दुकानाची जाहिरात करतात. पण माझे म्हणणे आर्ट्सची बाजू घेण्याचे नाही. अकरावीच्या अर्जावर तीन रकाने असतात ते सोयीसाठी. कुठून तरी सुरुवात करावी लागते. आपण मात्र असे धरून चाललो आहोत की ज्ञानाचेही तसेच तीन रकाने आहेत, आणि नवे काही शोधून काढायचे काम फक्त पहिल्या रकान्यात चालते. ही समजूत किती पोकळ आहे हे पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपला निफाड तालुका पुरे आहे.

नांदूरमध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने दगडी बंधारा बांधला. हेतू एकच, कालव्यांना पाणी. हे पूर्णपणे इंजिनिअरांचे काम होते: पाण्याची पातळी किती चढवायची, पुराचे पाणी कुठून सोडायचे, कालव्याला उतार किती द्यायचा. पण नदी नुसते पाणी आणत नाही, गाळही आणते. वर्षानुवर्षे बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. साठवणीचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरच्या दृष्टीने गाळ ही डोकेदुखी. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तीच मेजवानी होती. थंडीत हजारो मैलांवरून बदके, क्रौंच येऊ लागले. चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, करकोचे यांनी तो परिसर गजबजला. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, म्हणजे जगाने दखल घ्यावी अशी पाणथळ जागा.

आता सांगा, या जागेवर संशोधन करायचे तर ते कोणत्या साइडचे? गाळ किती आणि कुठून येतो, हे स्थापत्यशास्त्र. पक्षी किती आणि काय खातात, हे जीवशास्त्र. कालवे आल्यावर कुणाच्या शेतात ऊस आला आणि कुणाच्या शेतात पाणी साचून जमीन खारवली, हा इतिहास आणि अर्थशास्त्र. मासेमारी करणारी कुटुंबे आणि अभयारण्याचे नियम यांचे कसे जमते, हे समाजशास्त्र. यातला एक जरी बाजूला काढला तरी उरलेल्यांना जागा अर्धीच दिसते. पक्षी वाचवायचे म्हणून कुणी गाळाला हात लावू नका म्हणेल, पाणी साठवायचे म्हणून कुणी सगळा उपसा म्हणेल. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतील.

पक्ष्यांचा विषय निघाला की सालिम अलींचे नाव येणारच. मुंबईचे सालिम अली (१८९६–१९८७) आमच्या उर्दू पुस्तकांतही भेटतात आणि मराठी पुस्तकांतही. रीतसर पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हेतली नोकरी त्यांना मिळाली नव्हती, ही गोष्ट मुलांना सांगितली की मागच्या बाकांवरच्यांना विशेष आवडते. किहीमला बसून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला तो प्रसिद्धच आहे. कमी लोकांना माहीत असते ती दुसरी गोष्ट. १९२०च्या दशकात त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांवर लिहिले, आणि तेही त्यांच्या लढायांवर नाही. बाबर, जहांगीर यांनी पशुपक्ष्यांविषयी काय पाहिले आणि काय नोंदवले, यावर. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात सारस पक्ष्यांच्या जोडीचे वागणे, त्यांचे अंडी उबवणे बारकाईने लिहून ठेवले आहे. बादशहाने फारसीत लिहिलेली दिनचर्या तीनशे वर्षांनी एका पक्षीशास्त्रज्ञाला पुरावा म्हणून कामी येते.

जहांगीराच्या दरबारात उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. पक्षी आणि फुले काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मॉरिशस बेटावरचा डोडो पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला. जिवंत डोडो पाहून काढलेली विश्वासार्ह चित्रे जगात मोजकी आहेत, आणि त्यांतले एक मन्सूरचे मानले जाते. ते आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. डोडोचा रंग कसा होता, अंगलट कशी होती हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांचा. त्यासाठी ते ज्या कागदाकडे वळतात तो चित्रकाराचा. आणि ते चित्र खरोखर मन्सूरचे की त्याच्या शैलीतल्या दुसऱ्या कुणाचे, हे ठरवायला लागतो कलेचा अभ्यासक, ज्याला कुंचल्याची धाटणी, रंग आणि कागद ओळखता येतो. ड्रॉइंगचा तास रिकामा समजून त्यात गणित उरकणाऱ्या शाळांनी याचा विचार करावा. आमच्या शेजारच्या येवल्यात पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, आसावली विणणारा कारागीर मनातल्या मनात धाग्यांचे जे हिशोब करतो, ते त्या गणिताच्या पुस्तकात तरी कुठे आहेत?

पण येवल्याकडे वळण्याआधी कांद्याचे बोलायला हवे, नाहीतर विंचूरमध्ये राहून लिहिले याला अर्थ नाही.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' नावाचा विकिरण प्रकल्प उभारला. २००२ साली तो सुरू झाला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा ठरावीक मारा केला की कांद्याला कोंब फुटत नाहीत. भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हातात हात घालून इथे काम करतात, आणि ते काम पक्के आहे. तरीही कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचे नाव २००७ मध्ये गाजले ते आंब्यामुळे. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्यातल्या किडीचा बंदोबस्त विकिरणाने करा, ही तिकडची अट होती आणि हापूस लासलगावला येऊन पुढे परदेशी गेला. कांदा उत्पादकाची घडी मात्र चाळीवरच राहिली. चाळ हीसुद्धा साधीसुधी गोष्ट नाही. खालून हवा खेळती राहावी, ऊन थेट पडू नये, थर किती उंच असावा, यावर कृषी अभियंत्यांनी पुष्कळ अभ्यास केला आहे.

आणि समजा कोंब थांबले, सड थांबली, कांदा सहा महिने टिकला. भाव कोण थांबवणार? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. तेवढ्या काळात ज्यांच्याकडे माल होता त्यांना गॅमा किरणांचा काय उपयोग? शहरातला ग्राहक आणि गावातला उत्पादक यांच्यात सरकार कुणाची बाजू कधी घेते, का घेते, लिलावात भाव कसा फुटतो, साठवणारा आणि पिकवणारा एकच असतो की वेगवेगळे, हे सगळे संशोधनाचे विषय आहेत आणि ते 'आर्ट्स'च्या इमारतीत शिकवले जातात. कांदा नासतो तेव्हा शास्त्रज्ञ लागतो. कांदा रस्त्यावर ओतला जातो तेव्हा अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र लागते. आमच्या भागात दुसऱ्या प्रकारचा कांदा काही कमी वाया गेलेला नाही.

थंडीच्या दिवसांत पेपरात बातमी येते, निफाडचा पारा घसरला. तो आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. या केंद्राने दिलेले गव्हाचे वाण, त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पिकांच्या नव्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ आज जनुकांचे नकाशे काढतात, म्हणजे गुणसूत्रावर कोणते जनुक कोणापासून किती अंतरावर आहे ते मोजतात. जगभर या मोजणीसाठी जी सूत्रे वापरतात त्यांतल्या एकाचे नाव आहे 'कोसंबी'. हे सूत्र मांडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात १९०७ मध्ये जन्मले. ते होते गणिती. हार्वर्डला शिकले, बनारसला शिकवले, मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठात, नंतर पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. जनुकांचे सूत्र त्यांनी १९४०च्या दशकात दिले.

याच माणसाने तक्षशिलेची जुनी आहत नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि हलके होते. मग हजारो नाण्यांची वजने करून, संख्याशास्त्र लावून, कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे सांगता येईल का? त्यांनी तसे केले, आणि पडताळ्यासाठी आपल्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरून म्हसोबा, आईदेवीची ठाणी आणि अश्मयुगातली गारेची बारीक हत्यारे शोधली, आणि १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावर असे पुस्तक लिहिले की त्याच्याशी भांडणाऱ्यांनाही ते आधी वाचावे लागते. कोसंबींना कुणी विचारले असते, कोणती साइड घेतली, तर मला वाटते त्यांनी विचारणाऱ्याचीच परीक्षा घेतली असती. (स्वभाव कडक होता म्हणतात.)

सगळेच कोसंबी होत नाहीत, हे मलाही कळते. सगळ्यांनी व्हायचीही गरज नाही. गव्हावर काम करणाऱ्याने मोडी शिकावी असे माझे म्हणणे नाही. पण शेजारच्या इमारतीतही काहीतरी शोधले जाते आणि त्याचीही कसोटी असते, एवढे त्याला माहीत असावे. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी वेगळी, आणि इथेच लोकांचा घोळ होतो. पूल उभा राहतो किंवा पडतो, इंजिनिअरला लपायला जागा नाही. जीवशास्त्रज्ञ तोच प्रयोग पुन्हा करून पाहतो, पक्षी दर हिवाळ्यात पुन्हा मोजतो. पानिपत पुन्हा करून पाहता येत नाही. मग इतिहासकार काय करतो? एका कागदाची उलटतपासणी दुसऱ्या कागदाने करतो.

आमच्या विंचूरचे नाव इतिहासात ज्यांच्यामुळे आले ते विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ च्या पानिपतावर होते आणि तिथून परतले. त्या लढाईचे कागद दोन लिप्यांत आहेत. मराठ्यांची पत्रे मोडीत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो याच काळातल्या पत्रांचा. आणि समोरच्या बाजूची हकीकत फारसीत. तीही लिहिली कुणी, तर शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने! ज्याला फक्त एक लिपी येते त्याला अर्धेच पानिपत दिसते. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले मोडी कागद आजही वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत, आणि फारसी वाचणारे तर मोडी वाचणाऱ्यांहून कमी.

आता माझ्या वर्गाकडे बघा. उर्दू लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला फारसीची लिपी जवळजवळ येतेच, आणि निम्मे शब्द आधीच ओळखीचे. तो विंचूरमध्ये वाढला म्हणजे मराठी त्याची गल्लीतली भाषा. जुन्या फारसी कागदांचे घसटीचे अक्षर, शिकस्त म्हणतात ते, सोपे नसते, त्याला वर्षे द्यावी लागतात, हे मी लपवत नाही. पण महाराष्ट्राच्या इतिहासाच्या संशोधनासाठी लागणारी दोन हत्यारे ज्याच्या हातात लहानपणीच आली आहेत, त्याला आपण सांगतो की उर्दूचा काय उपयोग, आर्ट्समध्ये काय ठेवले आहे. ही वाट कुणी चाललेले नाही असेही नाही. मौलवी अब्दुल हक औरंगाबादेत होते, त्यांनी मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत पुस्तक लिहिले. इकडून माधवराव पटवर्धन, कवी माधव ज्यूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी कागदांचे खंडच्या खंड संपादले. शेतकरी खरीप आणि रब्बी म्हणतो तेव्हा अरबीतला पानगळीचा ऋतू आणि वसंत ऋतू त्याच्या तोंडी असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आपल्या समाजात इल्मच्या अभिमानाचे मेसेज खूप फिरतात. इब्न सीनाने हे केले, अल-बिरूनीने ते केले. खरेच केले. अल-बिरूनीने पृथ्वीची त्रिज्या मोजली आणि संस्कृत शिकून हिंदुस्थानावर ग्रंथही लिहिला, म्हणजे त्यानेही एकच साइड घेतली नव्हती. पण मेसेज पुढे पाठवणाऱ्या घरातली मुलगी बारावीनंतर इतिहासात एम. ए. करायचे म्हणते तेव्हा त्याच घरात काय चर्चा होते, ते मी पालक म्हणून आलेल्यांकडून ऐकलेले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान बाळगायला बसचे भाडे लागत नाही. मुलीला नाशिकला पाठवायला लागते.

आर्ट्सवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आपली किंमत कमी झाली त्यात आपलाही वाटा आहे. 'अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास' या नावाचे प्रबंध काढून पाहा, अभ्यास नावापुरता आणि चिकित्सा त्याहून कमी. पगारवाढीसाठी पीएच. डी., पीएच. डी.साठी प्रबंध, प्रबंधासाठी जुन्या प्रबंधाची उचल. सायन्सकडे वेगळे चालते असे समजू नका, पैसे भरून लेख छापून देणारी नियतकालिके तिथेही भरपूर आहेत. खोटे संशोधन ओळखण्यात मात्र सगळ्या शाखा एक झाल्या असत्या तर बरे झाले असते.

मग पैशाचे काय? पीएच. डी.ची चार-पाच वर्षे घर चालवून काढायची असतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप होती. इतर योजनांमध्ये तीच मुले येतात असे कारण देऊन केंद्राने २०२२-२३ पासून ती बंद केली. इंजिनिअरिंगच्या मुलाला निदान कंपनीची नोकरी दिसत असते. उर्दू, फारसी, इतिहास घेणाऱ्याला ही फेलोशिपच नोकरी होती. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्यामुळे त्या त्या समाजातली मुले संशोधनात टिकली, हे आपण पाहतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी'ला मंजुरी दिली. तिच्यातून कोणत्या विषयांना किती पैसा मिळतो याकडे आपल्या संघटनांनी लक्ष ठेवावे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांवर सगळे खर्च झाले तर इतिहासाचे रुमाल बांधलेलेच राहतील.

मी माझ्यापुरते एक करते. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना निबंध देत नाही, शब्द गोळा करायला देते. यंदा कांद्याचे शब्द होते. मुले बाजार समितीत गेली, मळ्यांवर गेली, आजीला विचारून आली. पोळ, रांगडा, उन्हाळ. गोल्टी, चिंगळी. चाळ, डेंगळा. प्रत्येक शब्दापुढे कुणी सांगितला, कोणत्या गावचा, वय काय, आणि घरी दखनीत त्याला काय म्हणतात, असे रकाने आखून दिले होते. एकशे चाळीसच्या वर शब्द जमले. त्यांत एकाच वस्तूला विंचूरमध्ये एक आणि दहा-बारा कोसांवर दुसरा शब्द, असेही निघाले. एका मुलीने डेंगळ्यापुढचा दखनीचा रकाना कोरा ठेवला होता. विचारले तर म्हणाली, "मॅडम, अम्मी पण डेंगळाच म्हणते. उर्दूच्या लुगतमध्ये तर हा शब्दच नाही. मग हा आपला झाला का त्यांचा?"

तिला मी शेजारच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाईंकडे पाठवले आहे, कांद्याला डेंगळा नेमका का येतो ते आधी समजून घ्यायला. शब्दाचे आम्ही दोघी सुट्टीनंतर बघणार आहोत.